समुपदेशन कौशल्यांचा शनिवार-रविवारचा कोर्स: दोन सत्रांनंतरचं मत

नागपुरात नोकरी सांभाळून विद्यापीठातून समुपदेशन कौशल्यं शिकायची असतील, तर माहितीपत्रकातला अभ्यासक्रम सगळ्यात शेवटी वाचा. आधी एकच गोष्ट विचारा: शिक्षकासमोर प्रत्यक्ष सराव किती तास? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची १९५७ सालची मांडणी, म्हणजे समानुभूती (समोरच्याच्या नजरेतून समजून घेणं), सच्चेपणा आणि बिनशर्त स्वीकार, घरी वाचून होते. समोरचा रडायला लागल्यावर पाण्याचा ग्लास पुढे न सरकवता गप्प कसं बसायचं, ते वाचून येत नाही. या कसोटीवर इथल्या शनिवार-रविवारच्या कोर्सचा सराव उत्तम, थिअरी काठावर पास आणि वेळापत्रक नापास.

सराव तिघांच्या गटात चालतो. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. वीस मिनिटं संवाद, दहा मिनिटं अभिप्राय, मग जागा बदलायच्या. तिन्ही फेऱ्यांना दीड तास धरा. खुर्च्या अगदी समोरासमोर नकोत, थोड्या तिरक्या हव्यात. भिंतीवरचं घड्याळ क्लायंटच्या पाठीमागे असावं, म्हणजे समुपदेशकाला सारखं मनगटाकडे बघावं लागत नाही.

सुरुवातीला जवळपास सगळ्यांचं एकाच ठिकाणी बिघडतं. क्लायंट म्हणतो, "घरी मन नाही लागून राहिलं." त्यावर लगेच, "का? कधीपासून? घरी कोण कोण असतं?" अशी सरबत्ती झाली की समोरचा उत्तरं देतो, पण बोलत नाही. त्याऐवजी "घरात असूनही मन नाही लागत..." एवढंच म्हणून थांबलं, तर पुढचं तो आपणहून सांगतो. 'का' हा प्रश्न जाब विचारल्यासारखा लागतो, "तेव्हा नेमकं काय झालं?" असं विचारलं की तीच माहिती येते आणि बचावाचा सूर येत नाही. ही सवय सुटली की दुसरी लागते: वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. दोनदा चालतं, तिसऱ्यांदा समोरचा चिडतो. आणि "अहो काकू, होते सगळं ठीक" हे तर आपल्याकडे तोंडातून निघूनच जातं. धीर देण्याच्या नादात पुढचं बोलणं तिथेच संपतं.

क्लायंटच्या भूमिकेसाठी विषय खरा पण बेताचा निवडावा: साहेबांशी खटका, मुलाच्या ट्यूशनवरून वाद. रचलेल्या कथेतला क्लायंट समुपदेशकाला सोयीचंच बोलतो, त्यामुळे शिकायला काही मिळत नाही. उलट गेल्या महिन्यातलं घरातलं मरण काढलं, तर वीस मिनिटांनी ते बंद करता येत नाही आणि माणूस तसाच मेट्रोत बसून घरी जातो. निरीक्षकाचं "छान झालं" काही कामाचं नाही. कोणत्या मिनिटाला कोणतं वाक्य आलं आणि त्यानंतर क्लायंट मोकळा झाला की आखडला, हे लिहिलं तरच उपयोग. मैत्रिणी-मैत्रिणींचा गट पक्का झाला की अभिप्राय गोडच येतो, म्हणून गट दर महिन्याला बदलायला शिक्षकाला भाग पाडा.

सगळ्यात जास्त शिकवतं ते शब्दशः लेखन. सरावातल्या संवादाचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरवायला तास-दीड तास सहज जातो. पानावर तीन रकाने आखायचे: काय बोललं गेलं, त्यात कोणतं कौशल्य होतं, त्याऐवजी काय म्हणता आलं असतं. शांततेचे सेकंदही लिहायचे. आपण किती लवकर घाईला येतो ते तिथे उघडं पडतं. एप्रिल-मेमध्ये कूलरची घरघर अर्धा आवाज खाते, आणि कूलर बंद करून नागपुरात कोणी बसणार नाही, म्हणून रेकॉर्डिंगं फेब्रुवारीपर्यंत उरका. लेखी संमती घ्या आणि रेकॉर्डिंग करण्याआधी फोनचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा. फाइल वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे दर बॅचला निघतातच.

नोट्स इंग्रजी, वर्ग मराठी-हिंदी, ही कोर्सची मोठी उणीव आहे. "तुम्हाला असं वाटत आहे की..." अशी भाषांतरित वाक्यं तोंडात बसली की माणूस कोर्टात उभा असल्यासारखा वाटतो. समोरचा "डोकं फिरून राहिलं" म्हणत असेल, तर त्याला लगेच "म्हणजे राग येतो" असं नाव देऊ नका. त्यात राग, थकवा, भीती काहीही असू शकतं.

आत्महत्येबद्दल विचारण्याचा सराव मात्र नीट करून घेतात. "काही वेडंवाकडं मनात येत नाही ना?" या प्रश्नातच 'नाही' हे उत्तर ठेवलेलं असतं. "मरून जावं असं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंय का?" असं सरळ विचारावं; थेट विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात जात नाही. उत्तर 'हो' आलं तर माणसाला एकटं सोडायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) आणि प्रादेशिक मनोरुग्णालय यांची नावं आधीच कागदावर हवीत. गुप्ततेची मर्यादाही पहिल्याच भेटीत सांगायची: जिवाला धोका असेल तर ती राहत नाही. बालकाच्या लैंगिक शोषणाची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेत काम करणाऱ्यांनी हा तास बुडवू नये.

वेळापत्रकात जेवणानंतर सलग थिअरी आणि सराव शेवटी, दमल्यावर. उलटं हवं. तक्रार लेखी द्या, तोंडी सांगितलेलं हवेत जातं.

शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, एचआरमधले लोक, संस्थांचे कार्यकर्ते यांना याचा फायदा दुसऱ्याच आठवड्यापासून दिसतो. दवाखाना थाटायच्या हिशोबाने येत असाल तर फी भरू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ती या प्रमाणपत्रावर मिळत नाही, त्यासाठी परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं.