अटॅचमेंट बिघडली तर बघायचं कुठे? स्वतःचा मेल सर्व्हर की होस्टेड मेल

ऑफिसची मेल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावी की होस्टेड (म्हणजे पुरवठादाराच्या सर्व्हरवरची, भाड्याची) घ्यावी, यावर स्टोरेज आणि माणशी भाड्याचे तक्ते ढिगाने मिळतात. ते इथे परत मांडत नाही. मी दोन्ही वापरून झालोय, आणि माझ्यापुरता निकाल एका कटकटीवर लागला. ग्राहकाच्या अकाउंट्समधून फोन येतो, "अहो, तुमचं बिल उघडतच नाही." आता हे शोधायचं कुठे?

होस्टेडच्या बाजूने बोलायचं तर रात्रीची झोप मिळते. स्टॅटिक आयपी, रिव्हर्स डीएनएस, बंद केलेलं पोर्ट २५, अचानक ब्लॅकलिस्टमध्ये गेलेला आयपी, यातलं काहीच आपल्या डोक्यावर नसतं. अपडेट आणि बॅकअपही बहुतेक त्यांच्याकडेच. अटॅचमेंटच्या निम्म्या तक्रारींचा तर सर्व्हरशी संबंधच नसतो. आउटलूकमध्ये रिच टेक्स्ट चालू राहिला की समोरच्याला आपल्या फाइलऐवजी 'विनमेल डॉट डॅट' नावाची फाइल मिळते. एक्सेल प्रोटेक्टेड व्ह्यूत अडकून धडधाकट फाइललाही 'करप्ट' म्हणू शकतं. हे दोन्हीकडे सारखंच, म्हणून सोडून देतो.

उरलेल्या निम्म्यात मात्र फरक कळतो. आमच्या होस्टेड मेलमध्ये पुरवठादाराचा एक गेटवे (बाहेर जाणारी मेल ज्यातून जाते तो सर्व्हर) होता, आणि तो प्रत्येक मेलखाली 'ही मेल गोपनीय आहे' छापाचा लांबलचक फूटर चिकटवायचा. साध्या मेलला काही होत नसे. पण आमचं बिलिंग सॉफ्टवेअर जी मेल पाठवतं तिच्यात मजकुराचा भागच नसतो, अख्खी बॉडी म्हणजे एक्सेलची फाइल. मेलमधून जाताना फाइल साध्या अक्षरांत बदलली जाते, त्या पद्धतीला बेस६४ म्हणतात. गेटवे बिनदिक्कत या बेस६४च्या शेवटच्या ओळीखाली इंग्रजी फूटर टाकून मोकळा. बेस६४च्या लेखी इंग्रजी अक्षरं म्हणजे डेटाच, त्यामुळे तो फूटरही डिकोड होऊन फाइलच्या शेपटीला कचरा म्हणून लागायचा.

गंमत अशी की हे दर वेळी व्हायचं नाही. फाइलच्या बाइट्सची संख्या तीनने पूर्ण भागली गेली नाही, तर बेस६४च्या शेवटी बरोबरचं चिन्ह (=) येतं आणि बरेच मेल प्रोग्राम तिथे थांबतात. पूर्ण भागली गेली की ते चिन्ह येतच नाही आणि फूटर आत शिरतो. म्हणजे एकाच दिवशी गेलेल्या बिलांपैकी काही ठीक, काही बिघडलेली. त्यातही पीडीएफ बहुधा निभावून न्यायची. एक्सेलची फाइल मुळात झिप, तिची अनुक्रमणिका अगदी शेवटी असते, म्हणून तिथे लगेच 'दुरुस्त करू का?' ची खिडकी.

हे कळायला फार काही लागत नाही, निघालेल्या मेलची कच्ची प्रत डोळ्यांनी बघितली की पुरे. झिपची बेस६४ नेहमी यू, ई, एस, डी, बी या अक्षरांनी सुरू होते, पीडीएफची जे, व्ही, बी, ई, आर ने. सुरुवात ठीक असेल तर शेवट बघायचा. पण होस्टेडमध्ये मला हाती यायचा तो फक्त ट्रेस (मेलच्या प्रवासाची नोंद), आणि त्यात एकच शब्द: डिलिव्हर्ड. सपोर्टला विचारलं तर ते स्क्रीनशॉट मागणार. शेवटी ग्राहकाच्या ऑफिसातल्या मॅडमना फोनवर समजवायचं की मेल नुसती फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केली की ती नव्याने एन्कोड होते. ईएमएल (अख्खी मेल जशीच्या तशी असलेली फाइल) म्हणून सेव्ह करा आणि ती पाठवा. पैसे त्यांच्याकडून येणं बाकी, आणि कामाला आम्ही त्यांनाच लावतोय.

डीकिमचाही (पाठवणारा सर्व्हर मेलवर करतो ती डिजिटल सही) इथे उपयोग झाला नाही. समोरच्याला मिळालेल्या मेलच्या हेडरमध्ये 'पास' दिसलं की आपण समजतो, मेल शाबूत पोचली. पण सही फूटर लागल्यानंतर होत होती. फुटकी बरणी व्यवस्थित सीलबंद करून पाठवावी तसं. सही झाल्यावर वाटेत काही बदललं नाही, एवढंच ते 'पास' सांगतं.

स्वतःच्या पोस्टफिक्सवर (हा मेल सर्व्हरचा प्रोग्राम) हाच शोध चहा संपायच्या आत लागतो. मेल होल्डवर टाकायची, म्हणजे रांगेतच थांबवायची, पोस्टकॅट या त्याच्याच कमांडने उघडायची, शेवटच्या ओळी बघायच्या. तरी शंका राहिली तर फिल्टरच्या आधीची आणि नंतरची अशा दोन प्रती टेस्ट बॉक्सला वळवायच्या आणि दोन्हींतल्या फाइलचा एसएचए २५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) काढायचा. जुळला तर आपला सर्व्हर सुटला, मग समोरच्याच्या अँटिव्हायरसकडे बोट दाखवायला हरकत नाही. सही कुठल्या टप्प्यावर करायची तेही आपण ठरवतो.

याची किंमत आहेच. क्लॅमएव्ही हा अँटिव्हायरस एकटाच जीबीभर रॅम खातो. पोस्टफिक्सची मूळ साइज मर्यादा १,०२,४०,००० बाइट्सची, आणि बेस६४मुळे फाइल सुमारे सदतीस टक्के फुगते, म्हणजे साडेसात एमबीच्या पुढची ड्रॉइंग परत येणार. अर्थात ती स्पष्ट निरोप घेऊन परत येते, अर्धवट बिघडून पुढे जात नाही. मला ते परवडतं. जीमेलने आपली मेल स्पॅममध्ये टाकायला सुरुवात केली की मात्र दिवस वाईट जातो, हे कबूल.

तेव्हा ऑफिसात लॉग वाचणारं कुणीच नसेल, तर होस्टेड घ्या, मी आग्रह धरणार नाही. एक जण जरी असेल आणि बिलं, ड्रॉइंग मेलनेच जात असतील, तर माझं मत सर्व्हरकडे थोडं जास्तच झुकतं. आणि होस्टेडच ठरलं तर फूटर गेटवेवर न ठेवता आउटलूकच्या सिग्नेचरमध्ये टाका, आणि करारावर सही करण्याआधी पुरवठादाराला विचारून घ्या: शेवटच्या गेटवेतून बाहेर पडलेल्या मेलची कच्ची प्रत मागितली तर मिळेल का, आणि किती वेळात?