ओढ आणि भीती: जोर कुणाचा जास्त?

जिथे खाणं, तिथेच झटका. मग उंदीर जाणार की पळणार? १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ जडसन ब्राऊन यांनी दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या. काही उंदरांना बोळाच्या टोकाशी खाणं दिलं, काहींना विजेचा झटका. मग अंगाला पट्टा बांधून ते किती जोराने खेचतात ते पाहिलं.

खाण्याची ओढ लांबूनही बऱ्यापैकी टिकली, जवळ थोडीच वाढली. भीतीचं तसं नाही: लांब असताना जवळजवळ नाहीच, जवळ येताच एकदम उसळली. दोन्ही एकत्र आल्या की प्राणी मध्येच अडकतो, पुढे-मागे करत राहतो. या घालमेलीत पाय रोखून अंदाज घ्यायला लावण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचा वाटा मोठा, असं मानसशास्त्रज्ञ जेफ्री ग्रे मांडत.

मला भीतीचा हा तीव्र चढच जास्त महत्त्वाचा वाटतो. महिनाभर आधी आनंदाने होकार दिलेलं भाषण आदल्या रात्री नकोसं का होतं, ते त्यावरून कळतं.