90 अंड्यांच्या यंत्रात दर शनिवारी नवी बॅच: आठ महिन्यांच्या वापरानंतर

अंडी उबवण्याचं हे यंत्र साधंच आहे. आत पंखा, एकावर एक 3 ट्रे, प्रत्येकात 30 अंडी, ट्रे दोन्ही बाजूंना आपोआप कलतात. विकताना सांगतात, यातच उबवा आणि यातच पिल्लं काढा. एकदम 90 अंडी भरणाऱ्याला ते चालेल. पण वीस-पंचवीस गावरान कोंबड्यांच्या खुराड्यात आठवड्याला जेमतेम 25-30 अंडी जमतात, आणि 7 दिवसांहून शिळ्या अंड्यांतून पिल्लं कमी निघतात. त्यामुळे टप्प्याटप्प्याने भरण्याशिवाय पर्याय राहत नाही. तशा वापरासाठी हे यंत्र चांगलं आहे, पण शेवटचे 3 दिवस अंडी दुसरीकडे हलवली तरच.

वार धरून चाललं की हिशेब सोपा होतो. शनिवारी संध्याकाळी भरलेल्या ट्रेचे 18 दिवस बुधवारी संध्याकाळी पुरे होतात, पिल्लं निघण्याचे 21 पुढच्या शनिवारी. बुधवारी सगळ्यात जुना ट्रे रिकामा करायचा, धुऊन वाळवायचा, शनिवारी त्यातच नवी अंडी. यंत्रात तीनच्या वर बॅच कधी येत नाहीत. अंड्यावर तारीख पेन्सिलने लिहा, स्केचपेनने नको. टोकदार बाजू खाली ठेवा.

यातच पिल्लं काढली तर काय बिघडतं? उबवणीचे पहिले 18 दिवस 50 टक्के आर्द्रता पुरते, पिल्लं फुटताना 65 ते 70 लागते. दर आठवड्याला बुधवार ते शनिवार आर्द्रता वाढवली, तर मागच्या प्रत्येक बॅचला चौथा ते सातवा आणि अकरावा ते चौदावा असे 6 दिवस नको तेवढा ओलावा मिळतो. अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, बोथट टोकाकडची हवेची पोकळी लहान राहते, आणि पहिला श्वास घेताना पिल्लू आतच गुदमरतं. असं अंडं फोडून पाहिलं की पूर्ण वाढलेलं, ओलंचिंब पिल्लू मेलेलं सापडतं. शिवाय कलणाऱ्या ट्रेच्या फटीत पाय अडकतात ते वेगळंच. दुसऱ्या पेटीची सोय नसेलच, तर फुटण्याचे 3 दिवस 65 आणि बाकीचे दिवस 45 टक्के ठेवा. 18 दिवसांची सरासरी 52च्या आत बसते, पण ही तडजोडच.

दुसरी पेटी म्हणजे मासळीचा थर्माकोलचा खोका, 40 वॉटचे 2 बल्ब, 12 व्होल्टचा छोटा पंखा आणि डब्ल्यू 1209 थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानावर बल्ब चालू-बंद करणारी पट्टी. हा थर्मोस्टॅट मुळात थंडाव्यासाठी लावलेला येतो. पी 0 या सेटिंगमध्ये 'सी' (थंडावा) असतं ते 'एच' (उष्णता) करावं लागतं. पी 1 मध्ये चालू-बंद होण्यातला 2 अंशांचा फरक असतो, तो 0.3 वर आणा, नाहीतर तापमान सारखं खालीवर होतं. तापमान 37.2 ठेवा. पाण्यासाठी खोल वाटी नको, पसरट ताटली हवी, कारण ओलावा पाण्याच्या पृष्ठभागावर ठरतो. तळाला गोणपाट घाला. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात. बुधवारी हलवताना टॉर्च लावून पाहा: अंडं जवळजवळ पूर्ण काळं, पोकळी तिरपी, आणि तिच्या कडेला हलणारी सावली दिसली तर समजा आत सगळं ठीक आहे.

टप्प्याटप्प्याच्या उबवणीत यंत्राचा तापमानाचा सेन्सर कुठे आहे याला फार महत्त्व आहे. दोन आठवडे उलटलेली अंडी स्वतः उष्णता टाकतात. सेन्सर त्यांना टेकला तर यंत्र ठरवलेलं 37.5 दाखवतं, हीटर बंद राहतो आणि नवी अंडी थंड पडतात. आमच्या यंत्रात सेन्सरची वायर वरच्या ट्रेवर लोंबत आली होती. ती मधल्या ट्रेच्या उंचीला, हवेच्या झोतात, कशालाही न टेकता बांधल्यावरच पिल्लं वेळेवर निघू लागली. पिल्लं विसाव्या दिवशीच निघून नाभी उघडी दिसली तर उष्णता जास्त होती. बाविसाव्या दिवशी, पोट फुगलेली, सुस्त निघाली तर कमी. नवा ट्रे सगळ्यात जुन्याच्या शेजारी ठेवा. फ्रिजमधली अंडी थेट घालू नका, त्यांना घाम फुटतो. आधी 6 तास खोलीत ठेवा.

यंत्राच्या आर्द्रतेच्या आकड्यावर विसंबू नका. मिठात थोडं पाणी घालून ओलसर गोळा करा, तो आणि आर्द्रतेचा सेन्सर बंद डब्यात 8 तास ठेवा. 75 टक्के दिसायला हवं. त्याहून पक्की खूण म्हणजे वजनकाटा. प्रत्येक बॅचची 10 अंडी खूण करून तोला. 45 ग्रॅमची 10 अंडी म्हणजे 450 ग्रॅम, रोज साधारण 3 ग्रॅम घटायला हवेत: सातव्या दिवशी 429, चौदाव्या 408, अठराव्या 396. घट कमी असेल तर पाणी कमी करा.

मोटरीचा प्लास्टिकचा दाता पाचव्या महिन्यात झिजला. आवाज येत होता, पण ट्रे कलत नव्हते. म्हणून सकाळ-संध्याकाळ ट्रेचा कोन डोळ्यांनी बघा. यंत्र शेतपंपाच्या लायनीवर नको, गावठाण फीडरवर (गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लायनीवर) ठेवा. इन्व्हर्टर लहान असेल तर पंख्याला आधी द्या. लाईट गेल्यावर जुन्या बॅचला हवेची गरज जास्त. हवेची भोकं झाकू नका.

एप्रिल-मे मध्ये खोली 38च्या पुढे गेली की यंत्र हतबल असतं, त्याला गार करता येत नाही. तेव्हा मधला ट्रे रिकामा ठेवून दोनच बॅच चालवा.

पिल्लांची लव यंत्रभर पसरत नाही, हाही दुसऱ्या पेटीचाच फायदा. पण यंत्र कधीच रिकामं नसतं. जंतू मारायची फॉर्मेलिन-परमँगनेटची धुरी चालू यंत्रात देऊ नका, पहिल्या चार दिवसांतल्या अंड्यांना ती घातक ठरते. दोन शनिवार भरणं टाळलं की पुढच्या बुधवारपासून शनिवारपर्यंत यंत्र मोकळं मिळतं. ट्रे उन्हात, आतली भिंत जंतुनाशकाने पुसून घ्यायची, पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढायची, आणि शनिवारी भरण्याआधी 24 तास रिकामं चालवून तापमान स्थिर आहे का ते पाहायचं.