धसका कोणत्या भाषेत सांगायचा? सुनेसाठी थेरपिस्ट निवडताना

माझी सून मेक्सिकन घरातली, लॉस एंजेलिसमध्ये वाढलेली. दोन वर्षांपूर्वी फ्रीवेवर तिच्या गाडीला अपघात झाला; शेजारच्या सीटवर तिचा धाकटा भाऊ होता. हाडं जुळून आली, झोप मात्र परतली नाही. तिची आई म्हणायची, पोरीला ‘सुस्तो’ झालाय. भीतीने जीव अंगातून निसटतो आणि माणूस खंगत जातो, असा त्याचा अर्थ. मला तो वेगळा समजावून घ्यावा लागला नाही. आपल्याकडे धसका घेतला म्हणतात.

थेरपिस्ट शोधताना दोन पर्याय समोर आले आणि तिने मला शेजारी बसवून घेतलं. एक, इन्शुरन्सच्या यादीतलं क्लिनिक: इंग्रजीतून, ठरलेल्या पद्धतीने, मोजक्या सेशनमध्ये. दुसरी, स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत काम करणारी लॅटिनएक्स, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या घरातली थेरपिस्ट. शरीर, कुटुंब, श्रद्धा, स्थलांतर हे सगळं उपचारात धरणारी. अमेरिकेतल्या ज्या मराठी घरांत अशा सुना-जावई आहेत, त्यांना उपयोग होईल म्हणून आमची तुलना मांडते.

‘लॅटिनएक्स’ (लॅटिनो-लॅटिना असा स्त्री-पुरुष भेद न करणारा शब्द) यावर अडू नका. प्यू रिसर्च या अमेरिकी पाहणी संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत लॅटिनो प्रौढांपैकी ४ टक्केच तो स्वतःसाठी वापरत होते. माझ्या विहीणबाईंच्या तोंडी तो कधीच येत नाही.

क्लिनिकच्या बाजूने

ठरलेली पद्धत म्हणजे कोरडी पद्धत, असं मी आधी धरून चालले होते. ते चूक होतं. पॅट्रिशिया रेसिक यांची सीपीटी (कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी) साधारण १२ सेशनची असते आणि ‘चूक माझीच होती’ यासारख्या रुतून बसलेल्या समजुती एकेक करून तपासते. एडना फोआ यांच्या पद्धतीत टाळलेल्या आठवणीकडे हळूहळू, पुन्हापुन्हा जायचं असतं. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून डोळ्यांची हालचाल करवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये ट्रॉमावर (मनावरच्या खोल आघातावर) केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी, आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली. शिवाय पीसीएल-५ ही आघातानंतरचा त्रास मोजणारी २० प्रश्नांची चाचणी मधूनमधून भरून घेतात, त्यामुळे फरक पडतोय की नाही ते आकड्यात दिसतं. ‘हे सगळं गोऱ्यांचं, आपल्या माणसांना काय उपयोग’ म्हणून याकडे पाठ फिरवणं मला धोक्याचं वाटतं.

भाषा

तरीही आमचा निर्णय फिरला तो भाषेपाशी. क्लिनिकच्या पहिल्या भेटीत तिने अपघात इंग्रजीत सांगितला, पोलिसांचा रिपोर्ट वाचावा तसा. त्यांनी नोंद केली, ‘शांत, सहकार्य करते’. दोन दिवसांनी स्वयंपाकघरात आईशी स्पॅनिशमध्ये तेच बोलताना ती ओट्याला धरून खाली बसली.

दोन भाषांत वाढलेल्यांच्या बाबतीत हे ओळखीचं आहे: नंतर शिकलेली भाषा भावनेपासून थोडं अंतर देते. हे अंतर नेहमी वाईटच असतं असं नाही. जे बोलायलाच जमत नाही ते आधी इंग्रजीत सांगायचं आणि धीर आला की स्पॅनिशमध्ये यायचं, हा मार्ग दोन्ही भाषा येणाऱ्या थेरपिस्टकडेच उघडा असतो. ‘तू’ आणि ‘उस्तेद’ यांतला फरकही अशा थेरपिस्टला सांगावा लागत नाही. (स्पॅनिशमधला ‘तू’ आपल्या ‘तू’सारखाच उच्चारतात, ‘उस्तेद’ म्हणजे आपलं अहो-जाहो.) वडिलांवरचा राग ‘उस्तेद’ म्हणतच व्यक्त करणारी मुलगी काय सांगतेय, ते इंग्रजीतल्या एकाच ‘यू’मध्ये हरवतं.

संशोधन काय म्हणतं? ग्राइनर आणि स्मिथ यांनी २००६ मध्ये ७६ अभ्यास एकत्र करून पाहिले. संस्कृतीनुसार जुळवून घेतलेल्या उपचारांचा फायदा दिसला आणि मातृभाषेतून दिलेल्यांचा परिणाम इंग्रजीतून दिलेल्यांच्या दुप्पट निघाला. २०११ मध्ये कॅब्रल आणि स्मिथ यांनी दुसरी बाजू दाखवली: लोकांना आपल्या वंशाचा थेरपिस्ट आवडतो, पण नुसता वंश जुळल्याने गुण येण्यात जवळजवळ फरक पडत नाही. म्हणून गार्सिया किंवा लोपेझ आडनाव बघून नाव ठरवू नका. भाषा बघा आणि पद्धत बघा.

अंडं, मीठ-मोहरी आणि बाकीचं

विहीणबाईंनी मुलीची ‘लिंपिया’ केली होती: अंगावरून अंडं फिरवायचं आणि फोडून पाण्यात बघायचं. मी मीठ-मोहरीने दृष्ट काढत आले, मला त्यात नवल वाटलं नाही. क्लिनिकमध्ये मात्र सुनेने त्याचा उच्चारही केला नाही, हसतील म्हणून. दुसऱ्या थेरपिस्टने पहिल्याच फोनवर विचारलं, ‘घरच्यांनी काय काय करून पाहिलं?’ ती स्वतः लिंपिया करत नाही आणि करावीही नये असं मला वाटतं. पण त्याला जागा देते, आणि मग आई उपचाराच्या विरोधात न जाता सोबत येते.

हे क्लिनिकमध्ये अशक्य आहे असं नाही. मानसिक आजारांच्या अमेरिकी मार्गदर्शक पुस्तकात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, सुस्तो आणि ‘अताके दे नेर्व्हिओस’ (रडणं, थरथरणं, ओरडणं यांचा अचानक येणारा झटका) यांची नोंद आहे, आपल्याकडच्या ‘धात’च्या (धातू जाते या चिंतेतून येणाऱ्या अशक्तपणाच्या) शेजारीच. सांस्कृतिक पार्श्वभूमी समजून घ्यायला १६ प्रश्नांची मुलाखतही त्यात दिली आहे. ती घेता का, असं सरळ विचारा.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटली. या थेरपिस्टांपैकी बरेच जण इग्नासिओ मार्तिन-बारो यांचा वारसा मानतात. ते मानसशास्त्रज्ञ आणि जेझुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू होते. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी सॅन साल्व्हादोरमध्ये लष्कराच्या सैनिकांनी त्यांना मारलं. जखम एकट्याच्या डोक्यात नसते, समाजातही असते, हे त्यांचं म्हणणं. ज्या घराला इमिग्रेशनवाले येतील म्हणून दारावरच्या थापेचीच भीती आहे, तिथे ‘तुमचा विचार अवास्तव आहे’ हे वाक्य कामाचं नाही.

पैसे आणि लायसन्स

क्लिनिक स्वस्त पडतं. दोन्ही भाषांत काम करणाऱ्या थेरपिस्ट पुष्कळदा इन्शुरन्सबाहेर असतात. त्यांच्याकडून ‘सुपरबिल’ (उपचारांचं तपशीलवार बिल) घेऊन इन्शुरन्सकडे परतावा मागावा लागतो. उत्पन्नानुसार फी कमी करतात का, हे जरूर विचारा. ‘हीलर’ किंवा ‘ट्रॉमा कोच’ म्हणजे लायसन्स नव्हे. कॅलिफोर्नियात एलएमएफटी (विवाह आणि कुटुंब थेरपिस्ट) आणि एलसीएसडब्ल्यू (क्लिनिकल सोशल वर्कर) यांचं लायसन्स बोर्ड ऑफ बिहेवियरल सायन्सेसच्या साइटवर तपासता येतं. दुभाष्या घेऊन इंग्रजी क्लिनिकला जाणं डॉक्टरांच्या तपासणीला ठीक; ट्रॉमासाठी मी ते सुचवणार नाही. घरातल्या मुलाला तर दुभाष्या कधीच करू नका.

सुनेने दुसरी निवडली, पण ‘ईएमडीआरचं प्रशिक्षण झालंय का आणि ते स्पॅनिशमध्ये कराल का’ या दोन प्रश्नांना ‘हो’ ऐकल्यावरच. तिच्या भावाने, त्याच गाडीत असलेल्या, क्लिनिक घेतलं. त्याचं स्पॅनिश मोडकंतोडकं, आणि आईच्या चर्चमधलं कुणी तरी वेटिंग रूममध्ये भेटेल ही धास्ती. इंग्रजीत त्याला मोकळं वाटतं. सीपीटीची १२ सेशन त्याने पूर्ण केली आणि त्याचा पीसीएल-५ चा आकडा निम्म्याहून खाली आला.