केकवर लाकडाचा रंग द्यायची 'फूड ग्रेड' पावडर ऑनलाइन घेत असान तर आधी हे वाचा

घरून केक बनवणाऱ्या सगळ्या तायांनो, हे पूर्ण वाचा आन आपल्या ग्रुपवर पण टाका. माझे पैसे गेले ते गेले, पण हे खाणाऱ्याच्या पोटाचं काम आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या खेड्यात केकच्या ऑर्डरी घेते. मे महिन्यात वनखात्यातून रिटायर होणाऱ्या एका काकांसाठी तीन मजली केकची ऑर्डर आली, सागाच्या ओंडक्यासारखा पाहिजे म्हणे, बाजूनं खरखरीत साल आन वरून कापलेल्या लाकडाची वलयं. इन्स्टावर एका पेजवर 'वुडन फिनिश किट' दिसलं, सालीची नक्षी उठवायची सिलिकॉनची मॅट, ब्रश आन तपकिरी, तांबूस, सोनेरी चमकीच्या तीन डब्या. शंभर टक्के फूड ग्रेड असं मोठ्या अक्षरात, खाली 'मस्त आहे ताई' वाल्या ढीगभर कमेंटी. १,८५० रुपये, सगळे आधीच यूपीआयनं, कॅश ऑन डिलिव्हरी नाही. खायचीच आहे ना असं मी स्पष्ट विचारलं तर व्हॉइस मेसेज आला, "ताई बिनधास्त वापरा, पुण्या-मुंबईचे मोठे बेकर आमच्याकडूनच नेतात."

पार्सल आलं. डब्यांवर घटक नाही, बॅच नंबर नाही, कोणी बनवलं ते नाही, नुसता एफएसएसएआयचा (खाण्याच्या वस्तूंचं लायसन्स देणाऱ्या सरकारी संस्थेचा) नंबर आन तो पण १२ आकडी! खरा नंबर १४ आकडी असते, लायसन्स असन तर १ पासून सुरू होते आन आपल्यासारख्या छोट्या धंद्याचं रजिस्ट्रेशन असन तर २ पासून, माझं स्वतःचं २ वालंच आहे म्हणून लगेच खटकलं. तांबूस डबीच्या स्टिकरचा गोंद उन्हानं ढिला झाला होता, कोपरा नखानं उचलला तर खाली दुसरं छापील लेबल निघालं, इंग्रजीत, रेझिन आर्ट आन मेणबत्तीसाठी, खाण्यासाठी नाही. अंगावर काटाच आला बाप्पा. अशा कार्यक्रमात केकवर आधी लहान लेकरंच तुटून पडतात ना.

फोटो पाठवला तर उत्तर काय, "नॉन-टॉक्सिक आहे, थोडी पोटात गेली तर काही होत नाही." अन् ब्लॉक. अशी शोभेची चमकी खायची म्हणून विकलेली नसतेच, तिच्यात तांबं, शिसं असू शकते. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला २०१८ मध्ये वाढदिवसाच्या केकवर अशीच चमकी लावलेली होती, लेकरांना ओकाऱ्या-जुलाब झाले आन तपासात तिच्यात तांबं निघालं. कोणी सांगन की पाण्यात टाकून बघा, विरघळली तर खायची, तर त्यावर जाऊ नका, खायची मोत्या-चमकीची पावडर पण पाण्यात विरघळत नाही. लेबलच बघा, घटक वाचा, आन तो १४ आकडी नंबर एफएसएसएआयच्या फॉसकॉस साइटवर टाकून कोणाच्या नावावर आहे ते पैसे द्यायच्या आधी बघा. नंबरचा फोटो मागितला की फसवणारा टाळाटाळ करते, तिथंच समजून जायचं.

पैशासाठी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला, ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर पण तक्रार टाकली, व्हॉइस मेसेज, पेमेंटचा स्क्रीनशॉट, दोन्ही लेबलांचे फोटो सगळं जपून ठेवलं आहे. पैसे अजून आले नाहीत.

अन् त्या चमकीची गरजच काय? आमच्याकडच्या उन्हाळ्यात क्रीम कमी आन डार्क चॉकलेट जास्त असं घट्ट गनाश केलं, पॅलेट नाइफ उभी धरून वरून खाली ओढत गेली, मधेमधे काट्याच्या चमच्यानं भेगा पाडल्या, जरा आळल्यावर कोरड्या ब्रशनं कोको पावडर मारली. साल इतकी खरी दिसली की काकांनी बोट लावून पाहिलं. वरच्या वलयांसाठी फिकट बटरक्रीमवर टूथपिकनं गोल ओरखडे काढले अन् त्यात कोको भरला. सगळं खायचंच, सगळं तालुक्याच्या दुकानात मिळते.

ते पेज आता नाव बदलून पुन्हा चालू झालं आहे, फोटो तेच, किट तेच, डब्या गोल पांढऱ्या झाकणाच्या. तुमच्या घरी अशी डबी आलेली असन तर आज स्टिकरचा कोपरा उचलून बघा, अन् खाली काही निघालं तर फोटो काढून तक्रार टाका, एकटीच्या तक्रारीनं ते हलत नाहीत.