@व्हॅल्यू की @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज? स्प्रिंग बूटमध्ये बाहेरची कॉन्फिग आत घेताना

समजा बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी बिलिंगचं अ‍ॅप करायचंय, जावाच्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कमध्ये. बिलावर नाव मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत पाहिजे, शिवाय डेटाबेसचा पत्ता, एसएमएसचा टाइमआउट, बेळगाव आणि कोल्हापूर ब्रँचचे फोन. हे कोडात कोंबलं तर एक नंबर बदलला की परत बिल्ड मारा, म्हणून बाहेर, कॉन्फिगच्या (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये ठेवायचं हे ठरलेलंच, आत कसं घ्यायचं एवढंच बघायचं.

एक-दोनच व्हॅल्यू असतील तर फील्डवर @व्हॅल्यू हे अ‍ॅनोटेशन (कोडवर लावायची खूण) लावा आणि मोकळे व्हा, उगाच क्लास बनवत बसू नका. कोलन टाकून डिफॉल्ट देता येतो, स्पेल (स्प्रिंगची छोटी सूत्रभाषा) एक्स्प्रेशन पण यातच चालतं. की (सेटिंगचं नाव) सापडली नाही आणि डिफॉल्टही नसला तर अ‍ॅप चालूच होत नाही, 'कुड नॉट रिझॉल्व्ह प्लेसहोल्डर' म्हणून तिथंच आडवं पडतं, आणि मला विचाराल तर हे बरंच आहे. फक्त स्टॅटिक फील्डवर लावू नका, नल मिळतो, आणि प्लेसहोल्डरमध्ये (@व्हॅल्यूच्या कंसात) कीचं नाव कायम लहान अक्षरात डॅश टाकून लिहा. कॅमल केसमध्ये (शब्द जोडून, पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल) लिहिलं आणि फाइलमध्ये डॅशवालं असलं तर ते सापडतच नाही, मग बसा शोधत.

पण ब्रँचची यादी आली की @व्हॅल्यूचा दम संपतो, यामल (कॉन्फिग फाइलचा एक प्रकार) मधली लिस्ट त्याला सरळ घेताच येत नाही. तिथं @कॉन्फिगरेशनप्रॉपर्टीज. एक प्रीफिक्स (सगळ्या कींच्या नावाची सामाईक सुरुवात), एक रेकॉर्ड (जावाचा छोटा डेटा क्लास), आत लिस्ट, सगळं एका जागी दिसतं, आणि डॅश, कॅमल केस, अंडरस्कोअर काहीही लिहा, जुळवून घेतो. एकच खोड आहे: एखादी की नसली तर गप्प बसून नल देतो. म्हणून व्हॅल्यू रिकामी नाही ना हे तपासणारी @व्हॅलिडेटेड आणि @नॉटब्लँक लावाच, नाहीतर बिलावर नावाच्या जागी कोरं जाईल आणि कळणार गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर.

स्प्रिंगच्या एन्व्हायर्नमेंट ऑब्जेक्टमधून गेटप्रॉपर्टी करून घ्यायचा तिसरा रस्ता आहे, पण कीचं नावच अ‍ॅप चालू असताना ठरत असेल तरच त्या वाटेला जा.

आता फाइल कुठली. आपल्याकडं यामलच घ्या, कारण प्रॉपर्टीज फाइल स्प्रिंग बूट डिफॉल्टनं आयएसओ-८८५९-१ (आपल्या लिप्या नसलेलं एन्कोडिंग) म्हणून वाचतो, मग मराठी आणि कन्नड दोन्हीची वाट लागते. यामल यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या सामावणारं) वाचतं. पण त्याचीही गंमत आहे, कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१ कोट्सशिवाय लिहिला तर यामल तो ऑक्टल (आठच्या पायावरचा) समजून १५३ करतं. बेळगावचा ०८३१ मात्र जसाच्या तसा राहतो, ऑक्टलमध्ये ८ नसतोच ना! तेव्हा फोन नंबर कोट्समध्येच. टाइमआउट ड्युरेशन टाइपचा असेल तर ३० च्या पुढं सेकंदाचा एस लावा, नुसतं ३० म्हणजे ३० मिलिसेकंद.

पासवर्ड यामलमध्ये टाकून गिटला ढकलू नका, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ठेवलेल्या व्हॅल्यूत) द्या. ते फाइलच्या वरचढ असतं, आणि कमांड लाइनवर दिलेलं त्याच्याही वर. नाव करताना डॉटच्या जागी अंडरस्कोअर, डॅश काढूनच टाकायचा, सगळं कॅपिटल.