जिप्सम प्लास्टर करून घेताय? आधी पोती मोजा

सांगलीतल्या आमच्या नव्या घरात वरच्या मजल्याच्या भिंतींना आणि सीलिंगला जिप्सम प्लास्टर करून घेतलं आणि ठेकेदाराने आम्हाला व्यवस्थित टोपी घातली. जिप्सममध्ये खोट नाही. त्याच्या नावाखाली काय काय चालतं ते लिहिते आहे.

माणूस बोलायला गोड. “वहिनी, वाळू-सिमेंटचा गिलावा केला की आठवडाभर पाणी मारत बसायचं, वर पुट्टीचा खर्च वेगळा. जिप्समला पाणी नको, पुट्टी नको, थेट प्रायमर मारा.” इथपर्यंत सगळं खरं. मग हळूच जोडलं, “आणि वॉटरप्रूफ असतंय.” हे साफ खोटं. जिप्सम भिजलं की मऊ पडतं. बाथरूम, बाहेरच्या भिंती, ओल धरणाऱ्या जागा, तिथे ते चालतच नाही. २००५, २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या गावात तळमजल्याला हे सांगून खपवायचं म्हणजे कोडगेपणाच. दीर हटून बसले म्हणून आमचा तळमजला वाळू-सिमेंटचाच राहिला.

ठरलं होतं १३ मिलिमीटर जाडीचं. २५ किलोच्या पोत्यात या जाडीने साधारण २० ते २२ चौरस फूट होतात. बिल आलं २,९०० चौरस फुटांचं, म्हणजे कितीही ओढूनताणून धरलं तरी १३० पोत्यांच्या खाली भागत नाही. वॉचमनच्या वहीत आवक ८४ पोत्यांची! स्विचबोर्डच्या खाचेत पट्टी घालून जाडी बघितली तर कुठे सहा, कुठे आठ मिलिमीटर.

शिवाय कालवलेलं जिप्सम अर्ध्या तासात धरतं आणि धरलेला माल टाकून द्यायचा असतो. यांची पोरं घमेल्यात परत पाणी ओतून तोच माल थापत होती. तेवढी भिंत आज नखाने खरवडली तरी भुकटी निघते. पोत्यावरची तारीखही बघून घ्या, महिनोन्‌महिने पडून राहिलेलं जिप्सम नीट धरत नाही.

पण खरी चोरी स्लॅबखाली. स्लॅब ओतताना खाली लावतात त्या सेंट्रिंगच्या प्लेटांना तेल लावलेलं असतं, त्यामुळे स्लॅबची खालची बाजू गुळगुळीत आणि तेलकट राहते. तिला टाचे मारायचे, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून खरबरीत करायचं, धुवायचं, बाँडिंगचं केमिकल लावायचं आणि मगच जिप्सम चढवायचं. हे केमिकल वाळलं की हाताला काचकागदासारखं खरखरीत लागतं. बिलात त्याचे पैसे वेगळे लावलेले होते. पेंटर प्रायमरसाठी आला, शिडीवर चढला, बोटाने टकटक करत खोलीभर फिरला आणि खाली उतरून म्हणाला, “वहिनी, निम्मं सीलिंग पोकळ वाजतंय. ह्याच्यावर मी रंग मारणार नाही. उद्या खाली आलं तर नाव माझं खराब.” त्याने पट्टीने एक कोपरा उचकटला तर हातभर पोपडा अलगद सुटून आला. त्याच्या पाठीवर प्लेटांच्या सांध्यांच्या रेघा जशाच्या तशा उमटलेल्या, मधे तेलाचा पिवळट डाग. टाच्याची खूण नाही, केमिकलचा थेंब नाही.

मापातही हात मारलाच. बांधकामाच्या मोजमापाच्या आयएस १२०० या मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत. त्यापुढे तीन चौरस मीटरपर्यंत, दोन्हीकडे सारखाच गिलावा असेल तर, एका बाजूचं माप वजा होतं. त्याहून मोठी असेल तर दोन्ही बाजूंचं वजा करून कडांचं माप धरतात. आपलं सात बाय तीन फुटांचं साधं दार मधल्या गटात येतं. या गृहस्थाने एक दार, एक खिडकी वजा केली नाही. गॅलरीचा सरकता दरवाजासुद्धा भिंत म्हणून मोजला.

आता फोन उचलत नाही. चुकून उचललाच तर “साइटवर हाय, सांच्याला येतो.” जीएसटीचं बिल द्यायचं त्याने शेवटपर्यंत टाळलं. पण पैसे सगळे बँकेतून गेलेत आणि ‘१३ एमएम’ लिहिलेलं त्याचं कोटेशन व्हॉट्सॲपवर आहे. वॉचमनची वही आणि तो पोपडाही जपून ठेवलाय. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी पडत नाही.

सीलिंग सगळं उतरवलं. नव्या मिस्त्रीशी बोलणं झालंय: स्लॅबला टाचे, त्यावर वाळू-सिमेंटचा पातळ हात, पाणी मारून झालं आणि सुकलं की पुट्टी. टाचे मारलेल्या स्लॅबचे फोटो माझ्या मोबाइलवर आले की पुढचा हप्ता. तो जरा कुरकुरला, पण कबूल झाला.